बिशपांचा मुतालिक

छत्रपती संभाजीनगरात दोन बिशपांची पीठे आहेत. एक कॅथलिकांचे, दुसरे प्रोटेस्टंटांचे. शहरातल्या माणसाला विचारले तर उत्तर एवढ्यावरच थांबते, आणि ते चुकीचेही नाही. पण चर्चच्या कायद्याच्या नजरेने पाहिले तर या दोन पीठांत आणखी एक फरक आहे. १९७७मध्ये स्थापन झालेला औरंगाबादचा कॅथलिक धर्मप्रांत नागपूरच्या आर्चबिशपांच्या प्रांतात मोडतो, म्हणून इथले कॅथलिक बिशप 'सफ्रगन' ठरतात. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या मराठवाडा धर्मप्रांताचे बिशप मात्र सफ्रगन नाहीत, कारण त्या चर्चमध्ये आर्चबिशपच नाही. गंमत अशी, की सफ्रगन हा शब्द आपल्याकडच्या वाचकाच्या कानावर पडलेला असतो तो इंग्लंडच्या चर्चमुळे, म्हणजे अँग्लिकन पंथामुळे. आणि त्या पंथाच्या वारशात वाटा असलेले इथले चर्च सफ्रगनविना चालले आहे. शब्द एका घरी, वंश दुसऱ्या घरी. हा गुंता सोडवताना मला जे हाती लागले ते निव्वळ पदव्यांचे पुराण नव्हते. दुय्यम पदावर कोणाला बसू द्यायचे आणि कोणाला नाही, याची ती गोष्ट निघाली, आणि तिचे अर्धे धागे निजामाच्या मुलखात अडकलेले होते.

आधी शब्द. लॅटिनमध्ये 'सुफ्रागियुम' म्हणजे मत, पाठिंबा. जो आपल्या वरिष्ठाच्या पाठीशी उभा राहतो, त्याच्या सभेत मत देतो, तो सफ्रगन. यातून दोन अर्थ निघाले आणि त्यांनी पुढे बराच गोंधळ घातला. पहिल्या अर्थाने सफ्रगन हा स्वतःच्या धर्मप्रांताचा पूर्ण धनी असतो. फक्त त्याच्यावर एक मेट्रोपोलिटन किंवा आर्चबिशप असतो. औरंगाबादचे कॅथलिक बिशप या अर्थाने सफ्रगन. दुसरा अर्थ इंग्लंडात रुळला. तिथला सफ्रगन हा खराखुरा, दीक्षा झालेला बिशप असतो, पण त्याचा स्वतःचा धर्मप्रांत नसतो. दुसऱ्या बिशपाच्या प्रांतात तो त्याच्या वतीने काम करतो. पाळकांना दीक्षा देणे, मुलामुलींचे दृढीकरण करणे, नव्या चर्चचे समर्पण करणे ही कामे बिशपानेच करायची असतात. प्रांत मोठा असला की एका बिशपाच्याने ती उरकत नाहीत, म्हणून हा दुसरा.

मराठीत त्याला 'सहायक बिशप' म्हणतात. शब्द बरोबर आहे, पण कार्यालयीन आहे, त्यात रक्त नाही. मला त्याहून जवळचा वाटतो तो आपल्या दप्तरातला शब्द: मुतालिक. अष्टप्रधानांपैकी प्रधान मोहिमेवर गेला की त्याच्या वतीने शिक्का चालवणारा तो मुतालिक. अधिकार सगळे, पण उसने. आणि उसन्या अधिकाराचे माणूस काय करील याचा नेम नसतो. प्रतिनिधींचा मुतालिक यमाजी शिवदेव १७५०मध्ये सांगोल्यात थेट पेशव्यांच्या विरोधात उभा राहिला, हे शाळकरी इतिहासातही येते. औरंगाबादेला तर नायबांचे राज्य नवीन नाहीच. खडकी वसवणारा मलिक अंबर निजामशाहीच्या नावाने कारभार करत होता. आसफजाह दक्षिणेचा सुभेदार म्हणून आला, बादशहाच्या नावाने राज्य करू लागला, आणि हैदराबादची नाणी १८५७पर्यंत दिल्लीच्या बादशहाच्याच नावाने पडत राहिली. मालकाचे नाव आणि हात दुसऱ्याचा, ही व्यवस्था या शहराला चांगली ठाऊक आहे.

इंग्लंडात या पदाला कायद्याचे रूप दिले ते आठव्या हेन्रीने. त्याआधी तिथल्या बिशपांना मदतनीस हवा असला की पोपकडून अशा माणसाला बिशप करून घेत, ज्याचे पीठ मुसलमानी राज्यात गेलेल्या एखाद्या जुन्या ख्रिस्ती शहरात आहे असे कागदोपत्री धरले जाई. आशियातल्या एखाद्या पडक्या शहराचे नाव घेऊन हा बिशप इंग्लंडच्या खेड्यांत मुलांच्या डोक्यावर हात ठेवत फिरे. हेन्रीने रोमशी संबंध तोडले तेव्हा ही सोय बंद झाली. १५३४च्या कायद्याने त्याने २६ गावांची यादी केली: डोव्हर, बेडफर्ड, नॉटिंगहॅम, कोलचेस्टर, हल, अशी. सफ्रगनाला यांतल्या एका गावाचे नाव मिळे. बिशपाने राजाकडे दोन नावे धाडायची, राजाने एक उचलायचे. आणि या कायद्यातली कळीची अट अशी: सफ्रगनाने त्याच्या बिशपाने शिक्क्यानिशी दिलेल्या सनदेत जेवढे लिहिले असेल तेवढाच अधिकार वापरायचा, आणि पीठाच्या उत्पन्नावर हक्क सांगायचा नाही. सनद, शिक्का, उत्पन्नावर हक्क नाही. मुतालिक म्हणालो ते उगीच नाही.

हेन्रीच्या या मुतालिकांनी सुरुवातीलाच जी कामे केली त्यांत मुलांच्या डोक्यावर हात ठेवणे फारसे नव्हते. डोव्हरचा पहिला सफ्रगन रिचर्ड इंगवर्थ हा स्वतः डोमिनिकन साधू. १५३७मध्ये त्याची दीक्षा झाली आणि पुढच्याच वर्षी तो राजाच्या हुकमाने गावोगाव साधूंचे मठ बंद करत हिंडला. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला ही पदे रिकामी पडली आणि अडीचशेहून अधिक वर्षे कोणी भरली नाहीत. व्हिक्टोरियाच्या काळात शहरे फुगली, कारखान्यांच्या वस्त्या वाढल्या, तेव्हा १८७०मध्ये हेन्रीचा तोच कायदा धूळ झटकून बाहेर काढला गेला आणि नॉटिंगहॅम व डोव्हरला पुन्हा सफ्रगन आले. १८८८च्या कायद्याने यादीबाहेरची गावेही घेता येऊ लागली. आज इंग्लंडात या पदाचे वजन वाढलेले आहे. कँटरबरीचे आर्चबिशप जगभरच्या कामात गुंतलेले असतात, म्हणून त्यांचा स्वतःचा धर्मप्रांत व्यवहारात डोव्हरचे सफ्रगनच चालवतात. इंग्लंडच्या चर्चमध्ये स्त्रियांसाठी बिशपपद खुले झाले तेही याच दाराने: जानेवारी २०१५मध्ये लिबी लेन स्टॉकपोर्टच्या सफ्रगन झाल्या. भारतात मात्र त्याआधीच, २०१३मध्ये, चर्च ऑफ साउथ इंडियाने पुष्पा ललिता यांना थेट नंद्यालचे पूर्ण बिशपपद दिले होते. मुतालिकीचा उंबरठा ओलांडायची त्यांना गरज पडली नाही.

हा उंबरठा शब्द जपून वापरतो आहे. इंग्लंडात सफ्रगनपद हे कायमचे, रुजलेले पद. हिंदुस्थानात मात्र ते नेहमी एखाद्या नव्या धर्मप्रांताची रंगीत तालीम ठरले. ते कसे, हे सांगायला इथल्या व्यवस्थेकडे वळावे लागेल.

कंपनीच्या १८१३च्या सनदेने कलकत्त्याला एक बिशप आणि तिन्ही इलाख्यांना एकेक आर्चडीकन मंजूर केला. बिशपाचा पगार वर्षाला ५,००० पौंड, आणि तो हिंदुस्थानच्या महसुलातून. १८१४मध्ये आलेल्या थॉमस मिडलटनच्या अधिकारात अख्खा हिंदुस्थान आणि श्रीलंका. पुढे काही काळ ऑस्ट्रेलियासुद्धा. एवढ्या प्रदेशाला एक बिशप, आणि त्याला शंका ही की आपल्या राजपत्राने हिंदी माणसाला दीक्षा देण्याचा अधिकार आपल्याला आहे काय! त्याने ती कधी दिली नाही. कायद्यात दुरुस्ती झाल्यावर त्याच्यामागून आलेल्या रेजिनाल्ड हेबरने १८२४मध्ये ख्रिश्चन डेव्हिड या तमिळ गृहस्थांना आणि १८२५मध्ये अब्दुल मसीह यांना दीक्षा दिली. १८३५मध्ये मद्रासला आणि १८३७मध्ये मुंबईला बिशप आले. मुंबईचे थॉमस कार हे कलकत्त्याच्या मेट्रोपोलिटनचे सफ्रगन, अर्थात पहिल्या अर्थाने.

दुसऱ्या अर्थाचा सफ्रगन इथे कायद्यात बसेना. हेन्रीची यादी इंग्लंडच्या गावांची. तीत तिनवेल्ली किंवा नाशिक कोठून असणार? म्हणून इथे 'सहायक बिशप' नेमण्याची रीत पडली: काम सफ्रगनाचेच, पण गावाचे नाव नाही. १८७७मध्ये मद्रासच्या बिशपाला तिनवेल्लीसाठी असे दोघे सहायक मिळाले. त्यांतला एक रॉबर्ट काल्डवेल. द्राविडी भाषांचे तौलनिक व्याकरण लिहिणारा हाच तो काल्डवेल. दोन मिशन संस्थांच्या मिशनऱ्यांत हेवेदावे नकोत म्हणून प्रत्येकीचा एकेक माणूस बिशप झाला. दुसरे एडवर्ड सार्जंट. दोघेही गोरे, दोघांनी तमिळ मुलखात जन्म काढलेला. १८९६मध्ये तिनवेल्लीचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. तालीम संपली, नाटक सुरू झाले.

आता औरंगाबाद. इथे अँग्लिकन मंडळी दोन वाटांनी आली आणि त्या वाटा एकमेकींना फारशा भेटल्या नाहीत. पहिली वाट छावणीची. हैदराबाद कंटिंजंटच्या इंग्रज अधिकाऱ्यांसाठी पाद्री, उपासना, दफनभूमी. दुसरी चर्च मिशनरी सोसायटीची, म्हणजे सीएमएसची, जी नाशिक आणि मालेगावाहून १८६०च्या सुमारास इथे पोचली. नाशिकला या संस्थेने शरणपूर ही वसाहत उभी केली होती. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुले तिथे शिकली. लिव्हिंगस्टनचे शव आफ्रिकेतून इंग्लंडपर्यंत नेणारा जेकब वेनराइट त्यांपैकीच. औरंगाबादचा पसारा तेवढा नव्हता. पण इथे एक गोष्ट अशी घडली की तिच्याकडे मी पुन्हा पुन्हा वळतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अनेक वर्षे औरंगाबादचे मिशन चालवले ते एका हिंदी माणसाने: पारशी घराण्यातून ख्रिस्ती झालेले रेव्हरंड रतनजी नवरोजी. शाळा, आसपासची खेडी, मांग-महार वाड्यांतून येणारी माणसे, संस्थेशी पत्रव्यवहार, पैशांचा हिशेब. बिशपाच्या सहायकाने करावयाचे बरेचसे काम हा माणूस पाळकाच्या पदावरून करत होता. डोक्यावर हात ठेवण्याचा अधिकार तेवढा त्यांच्याकडे नव्हता. त्यासाठी मुंबईहून बिशप येण्याची वाट पाहायची.

शेजारी जालन्याला रेव्हरंड नारायण शेषाद्री होते. ते फ्री चर्चचे, म्हणजे प्रेस्बिटेरियन; त्यांच्या पंथात बिशपच नाहीत. सालारजंगाकडून जमीन मिळवून त्यांनी बेथेल ही ख्रिस्ती वसाहत वसवली. एकाच काळात, पन्नास-साठ किलोमीटरच्या अंतरावर, निजामाच्या राज्यात दोन हिंदी पाळक आपापल्या मिशनचे कर्ते होते. इतिहासाची पुस्तके नेतृत्व हिंदी लोकांकडे यायला विसावे शतक उजाडल्याचे सांगतात, तेव्हा ती पदव्यांचा इतिहास सांगत असतात. कामाचा इतिहास वेगळा आहे.

पदवी आली ती डिसेंबर १९१२मध्ये, आणि तीही निजामाच्याच राज्यात. पण औरंगाबादेपासून फार दूर, पूर्वेच्या टोकाला, डोर्नकलला. वेदनायगम सॅम्युएल अझरया हे तिनवेल्लीतल्या एका खेड्यातील पाळकाचे पुत्र. मद्रासचे बिशप हेन्री व्हाइटहेड यांना ते आपले सहायक बिशप म्हणून हवे होते. विरोध दोन्हीकडून झाला. काही गोऱ्या मिशनऱ्यांना हिंदी माणसाच्या हाताखाली काम करणे रुचणार नव्हते. आणि काही हिंदी ख्रिस्ती मंडळींना अझरयांची नाडार जात आड येत होती. दुसरे कारण पहिल्याइतकेच खरे होते, आणि ते दडवण्यात अर्थ नाही. मग निघालेला तोडगा पाहण्यासारखा आहे. अझरया मद्रासचे सहायक बिशप तर झालेच, पण त्याच वेळी डोर्नकलचे पूर्ण बिशपही झाले. डोर्नकल निजामाच्या मुलखात होते. मद्रास किंवा मुंबईसारखे राजपत्राने बांधलेले पीठ तिथे नव्हते, त्यामुळे चर्चच्या आपसातल्या संमतीने तिथे नवे पीठ उभे करता आले. २९ डिसेंबर १९१२ रोजी कलकत्त्याच्या सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये त्यांची दीक्षा झाली, आणि अँग्लिकन पंथाला पहिला हिंदी बिशप मिळाला. जी वाट ब्रिटिश हिंदुस्थानात अवघड होती ती निजामाच्या सरहद्दीने मोकळी करून दिली.

मग तीच सरहद्द औरंगाबादला का उपयोगी पडली नाही? इथेही निजामाचेच राज्य होते, इथेही हिंदी पाळकाच्या हाती मिशन राहिलेले होते. माझा तर्क असा की उत्तर थैलीत आहे. डोर्नकलचे मिशन तिनवेल्लीच्या हिंदी ख्रिस्ती मंडळींनी १९०३मध्ये स्थापन केलेल्या संस्थेने, आपल्या पैशाने आणि आपली माणसे धाडून उभे केले होते. अझरया बिशप होण्यापूर्वी तिथे मिशनरी म्हणून राहिले होते. औरंगाबादचा खर्च लंडनहून येई. ज्याच्या हाती खर्चाची वही, त्याच्या हाती माणूस नेमण्याचा हक्क. ही गोष्ट चर्चला जेवढी लागू पडते तेवढीच साखर कारखान्याला. शिवाय मराठी मुलखातली अँग्लिकन मंडळी संख्येने थोडी, विखुरलेली, आणि दोन संस्थांत वाटलेली होती: नाशिक-औरंगाबाद सीएमएसकडे, अहमदनगरची खेडी एसपीजी या दुसऱ्या संस्थेकडे. कायगाव टोक्याला गोदावरी ओलांडली की राज्यही बदलत होते.

मराठी मुलखाला सहायक बिशप मिळाला १९२५मध्ये, आणि तो गोरा होता. फिलिप हेन्री लॉइड. त्यांच्याविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण ते आपल्याकडे जवळजवळ विसरले गेले आहेत. जन्म १८८४चा. शिक्षण ईटन आणि केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात, म्हणजे इंग्रज उच्चवर्गाच्या सरळ शिडीवरून. पण पाळक झाल्यावर पहिली नेमणूक पूर्व लंडनच्या हॅकनी विक या कष्टकरी वस्तीत. नंतर कडस्डनच्या धर्मशास्त्र विद्यालयात उपप्राचार्य. एवढ्यावर इंग्लंडात त्यांचे बरे चालले असते. ते पहिल्या महायुद्धाच्या काळात इकडे आले आणि अहमदनगर जिल्ह्यातल्या मिरी या गावी राहिले. मिरी पाथर्डी तालुक्यात आहे. पाऊस बेभरवशाचा, जमीन हलकी, दुष्काळ ठरलेला. तिथल्या ख्रिस्ती मंडळींचे उपासनेतले मराठी हीच लॉइड यांची भाषा झाली. मुंबईच्या बिशपाला सहायक हवा होता तो याच कामासाठी: खेड्यांतल्या, मराठी बोलणाऱ्या, बहुतेक दलित जातींतून आलेल्या मंडळींसाठी.

मुंबईचे बिशप तेव्हा एडविन जेम्स पामर होते, १९०८पासून. मुंबईचा बिशप दोन टोप्या घालत असे. एक सरकारी चॅपलेनांच्या प्रमुखाची, ज्यांचा पगार हिंदुस्थानच्या तिजोरीतून निघे. दुसरी मिशन चर्चच्या मेंढपाळाची. पहिली टोपी मलबार हिल आणि छावण्यांची, दुसरी मिरी आणि वैजापुराकडच्या वाड्यांची. सहायक बिशपाकडे आली ती दुसरी. यात सोय होती तशीच एक कबुलीही होती, की एका माणसाला दोन्ही टोप्या नीट बसत नाहीत. पामर यांना हे स्वच्छ दिसत होते असे मला वाटते, कारण हिंदुस्थानातले चर्च इंग्लंडच्या चर्चपासून आणि सरकारपासून कायद्याने मोकळे करावे यासाठी झटणाऱ्यांत ते पुढे होते. १९२७मध्ये पार्लमेंटने त्यासाठी कायदा केला. १९२९मध्ये नाशिकचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला आणि सहायक लॉइड तिथले पहिले बिशप झाले. औरंगाबादही या नव्या धर्मप्रांताकडे आले. तिनवेल्लीचीच रीत: आधी मुतालिकी, मग गादी, फक्त एकोणीस वर्षांऐवजी चार वर्षांत.

आणि मग एक योगायोग. १ मार्च १९३० या दिवशी हिंदुस्थानातले अँग्लिकन चर्च कायद्याने इंग्लंडच्या चर्चपासून अलग झाले. दुसऱ्या दिवशी, २ मार्च १९३० रोजी, नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. एकाच गावात, एका दिवसाच्या अंतराने, एक धर्मसंस्था आपले दार बाहेरच्या सत्तेला बंद करत होती आणि दुसरीच्या दारात तिचीच माणसे आत घ्या म्हणून बसली होती. पाच वर्षांनी, १३ ऑक्टोबर १९३५ला, येवल्यात डॉ. आंबेडकरांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले. येवला नाशिक जिल्ह्यातच. म्हणजे विसाव्या शतकातल्या महाराष्ट्रातल्या धर्मविषयक दोन मोठ्या घटना या नवजात धर्मप्रांताच्या अंगणात घडल्या.

येवल्याच्या घोषणेनंतर देशभरच्या मिशनांत खळबळ उडाली. कोणी स्वागताला धावले, कोणी सावध राहिले. पण प्रश्न चर्चच्या बाजूनेही उलटा विचारता येत होता. इतकी वर्षे या मंडळींत राहिलेल्या चर्चने त्यांच्यातल्या किती जणांना निर्णयाच्या खुर्चीवर बसवले? १९३५मध्ये नाशिकच्या गादीवर लॉइड होते. ते चांगले होते, साधे राहत होते, मराठी जाणत होते. आणि ईटनचे होते. डोर्नकलला अझरया याच काळात हजारो माला-मादिगा कुटुंबांचे बिशप होते, आणि धर्मांतरावरून गांधीजींशी त्यांचा तीव्र मतभेद सुरू होता. मराठी मुलखाच्या वतीने असे बरोबरीने वाद घालू शकेल असा मराठी अँग्लिकन बिशप तेव्हा नव्हता. १९२५च्या मुतालिकीवर मिरीचाच एखादा पाळक बसवला असता तर, असा विचार मनात येतो. इतिहासात 'तर' चालत नाही हे मला माहीत आहे. पण पद ज्या कारणासाठी निर्माण झाले ते कारण भाषा आणि खेडे हेच असेल, तर हा 'तर' मी ओढून आणलेला नाही, तो त्या पदातच होता.

लॉइड १९४४पर्यंत नाशिकला राहिले आणि मग इंग्लंडात सेंट अल्बन्सचे बिशप होऊन गेले. त्या धर्मप्रांतात बेडफर्डचा सफ्रगन असतो. हेन्रीच्या २६ गावांतले ते बेडफर्ड. मुंबईचा मुतालिक आता स्वतः मुतालिक ठेवणारा झाला. पामर यांचे नेमके उलट झाले. मुंबईची गादी सोडून ते मायदेशी परतले आणि तिथे ग्लॉस्टरचे सहायक बिशप म्हणून काम करत राहिले. यात कोणाला अधोगती वाटेल. मला ते पामर यांच्या स्वभावाला शोभणारे वाटते.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. लाहोरला सहायक बिशप राहिलेले अरबिंदो नाथ मुखर्जी दिल्लीचे बिशप झाले आणि १९५०मध्ये कलकत्त्याच्या गादीवर येऊन पहिले हिंदी मेट्रोपोलिटन ठरले. उंबरठ्यावरून आत, आणि आतून थेट देवघरापर्यंत. इकडे मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ला मुक्त झाला, आणि कायगाव टोक्याची सरहद्द गेली. जी सरहद्द डोर्नकलला कामी आली आणि आपल्याला आली नाही, ती नकाशातूनच पुसली गेली.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा चर्चे एकत्र आली आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया जन्माला आले. अँग्लिकन त्यांतले एक. अमेरिकन मराठी मिशनची परंपरा, प्रेस्बिटेरियन परंपरा, बाप्टिस्ट, ब्रेदरन, सगळे. वाटाघाटींत सर्वांत अडलेला प्रश्न बिशपाचाच होता. ज्यांच्याकडे बिशप कधी नव्हते त्यांना ही संस्था म्हणजे राजेशाहीचा अवशेष वाटे; अँग्लिकनांना तिच्याविना चर्चची कल्पनाच करवत नसे. तडजोड झाली: बिशप राहतील, पण आर्चबिशप आणि मेट्रोपोलिटन जातील, सगळ्या चर्चचा एक मॉडरेटर असेल आणि तो बिशपांमधूनच, ठरावीक मुदतीसाठी निवडला जाईल. मेट्रोपोलिटन गेला तसा पहिल्या अर्थाचा सफ्रगनही गेला. ज्याच्या पाठीशी उभे राहायचे तोच उरला नाही. मराठी बायबलात बिशपासाठी 'अध्यक्ष' हा शब्द आहे. सभेने निवडलेला, मुदत संपली की उतरणारा अध्यक्ष आपल्याकडे जिल्हा परिषदेपासून साहित्य संमेलनापर्यंत सर्वांच्या ओळखीचा आहे. भाषांतरकारांनी तो शब्द घेतला तेव्हा त्यांच्या मनात हे काही नसणार, पण शब्दाने वेळ आल्यावर काम दिले.

नाशिकच्या जुन्या धर्मप्रांतातून वेगळा निघालेला मराठवाडा धर्मप्रांत आज छत्रपती संभाजीनगरातून चालतो. त्याने शहराचे नाव घेतलेले नाही, प्रदेशाचे घेतले आहे. खडकी, फतेहनगर, औरंगाबाद, संभाजीनगर अशी नावे बदलणाऱ्या शहरात ही दूरदृष्टी म्हणायची की योगायोग, वाचकांनी ठरवावे. कॅथलिकांनी शहराचे नाव घेतले होते.

मुतालिक मात्र पुरता गेलेला नाही. एखाद्या धर्मप्रांताची गादी रिकामी पडली, किंवा बिशपाच्या कारभारावरून वाद उठला, की चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे मॉडरेटर तिथे आपला 'कमिसरी' नेमतात. बऱ्याचदा तो शेजारच्या धर्मप्रांताचा बिशप असतो. त्याने नवा बिशप येईपर्यंत कारभार पाहायचा, दृढीकरणे उरकायची, कोर्टकचेऱ्या सांभाळायच्या, जमिनींचे सातबारे तपासायचे. अधिकार मॉडरेटरांचा, नेमणुकीचे पत्रही त्यांचेच, आणि नवा बिशप आला की कपाटांच्या किल्ल्या त्याच्या हाती देऊन आपल्या गावची गाडी पकडायची.